वहीतून जँगोकडे: आमच्या ड्रेपरीच्या दुकानासाठी पहिलं वेब ॲप

आमचं घर फोंडा तालुक्यात. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बाबांचं ड्रेपरीचं दुकान आहे. जिरेटोप, मंदिल, अंगरखे, बाराबंद्या, शेले, मुकुट, कमरपट्टे, लाकडी तलवारी, केसांचे टोप असं नाटकांना लागणारं सगळं तिथे भाड्याने मिळतं. मागच्या पडवीत राजवाड्याचे, जंगलाचे आणि रस्त्याचे पडदे गुंडाळून ठेवलेले असतात. कार्तिक सरत आला की गोव्यात जत्रा सुरू होतात, गावोगावी मराठी नाटकं उभी राहतात, आणि वैशाखापर्यंत आमच्या पत्र्याच्या पेट्या घरात कमी, टेंपोत जास्त असतात.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. बी.कॉम.ला जेवढा संगणक होता तेवढाच शिकले होते. तीन वर्षांपूर्वी माघात आमचा एकच जिरेटोप आणि त्याच्यासोबतचा अंगरखा एकाच रात्री दोन मंडळांना कबूल झाला. एक मंडळ फोंडा तालुक्यातलं, दुसरं डिचोलीचं. वही बाबांनी नीट लिहिली होती, पण पावसाळ्यात ओल धरून दोन पानं चिकटली होती आणि त्या दोन पानांच्या मध्ये डिचोलीची नोंद होती. रात्री साडेनऊला, रंग लावून बसलेल्या माणसाला "टोप नाही" असं सांगायला बाबा स्वतः गेले. परत आल्यावर ते जेवले नाहीत. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी जँगो शिकले, म्हणजे वेब ॲप बांधायचा एक तयार सांगाडा.

यंदा साखळी गावातला माझा मावसभाऊ त्याच्या मंडप-खुर्च्यांच्या धंद्यासाठी तेच करू बघतोय. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे लिहिते. म्हणून आज्ञाही फोनवर सांगतात तशा, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे सगळी अक्षरं लहान.

जँगोच का

वेब ॲप्लिकेशन फ्रेमवर्क म्हणजे तयार चौथरा, खांब आणि छप्पर. लॉगिन, डेटाबेसशी बोलणं, फॉर्म तपासणं, पानं दाखवणं ही कामं प्रत्येक ॲपला लागतातच. ती चांगल्या माणसांनी आधीच करून ठेवलेली असतात, आपण फक्त आपल्या खोल्या पाडायच्या. असे फ्रेमवर्क बरेच आहेत. मी जँगो घेतला तो त्याच्या जन्मामुळे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी तो रचायला घेतला. वर्तमानपत्राला घाई असते, आणि माहिती भरणारी माणसं बातमीदार असतात, प्रोग्रामर नसतात. त्यामुळे तुम्ही तुमच्या वस्तूंचं वर्णन करा, ती भरायची, शोधायची, दुरुस्त करायची पानं जँगो स्वतः तयार करून देतो. त्या भागाला ॲडमिन म्हणतात. आमच्या दुकानात नोंदी करणारे मामा गेली पंचवीस वर्षं पेट्या भरतायत. मला वेबसाइट नको होती, मामांना वापरता येईल अशी वही हवी होती.

जुलै २००५ मध्ये जँगो बीएसडी परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. म्हणजे धंद्यासाठी वापरा, बदला, कुणाला एक रुपया द्यायला नको. उद्या तुमचं ॲप दुसऱ्याला दिलंत, तर जँगोची परवान्याची नोंद मात्र तशीच ठेवायची. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी तो तसाच वाजवत राहिला. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला डी येतो, बोलताना तो मुका राहतो: डी-जे-ए-एन-जी-ओ. पहिल्या दिवशी भावाने डी गाळला होता, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आधी वही उघडा, संगणक नंतर

ही पायरी लोक गाळतात आणि मग महिनाभराने सगळं मोडून परत बांधतात. मी दोन संध्याकाळी बाबांची वही घेऊन नुसती बसले होते. वहीत एक ओळ अशी असायची: "माघ शु. ५, अमुक मंडळ, ऐतिहासिक, जिरेटोप १, मावळे ६, तलवारी ८, राजवाडा पडदा, अनामत दिली." या एका ओळीत चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करता आल्या की अर्धं ॲप झालं.

पहिली गोष्ट वस्तू. ती आपल्या घरची, कायमची. जिरेटोप आज गेला तरी तो आपलाच, त्याचे एकूण नग किती ते वस्तूजवळ लिहायचं.

दुसरी गोष्ट मंडळ. नाव, गाव, फोन. बाबांच्या वहीत एकच मंडळ तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडलं: नाट्यमंडळ जोडून, नाट्य मंडळ तोडून, आणि एकदा नुसतं देवळाच्या नावाने. माणसाला कळतं की हे तिन्ही एकच, संगणकाला कळत नाही. म्हणून मंडळ एकदाच लिहायचं आणि बाकी सगळीकडे त्याच्याकडे बोट दाखवायचं.

तिसरी गोष्ट प्रयोग. कुठल्या मंडळाचा, कुठलं नाटक, कुठल्या गावात, सामान कधी निघणार, कधी परत येणार, अनामत किती.

चौथी मला लवकर दिसली नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. "या प्रयोगाला मावळ्यांचे सहा संच गेले" ही नोंद धड वस्तूची नाही, धड प्रयोगाची नाही. एक वस्तू शंभर प्रयोगांना जाते, एका प्रयोगाला तीस वस्तू जातात. दोघांच्या मधल्या या ओळीला मी "उचल" नाव दिलं: कुठला प्रयोग, कुठली वस्तू, किती नग, परत आले किती. भावाच्या धंद्यात हीच उचल खुर्च्यांची आणि ताडपत्र्यांची झाली. ज्यांचं वाचनालय आहे त्यांच्याकडे ती पुस्तकांची होईल. वहीतल्या पाच-सहा जुन्या ओळी या चार कप्प्यांत कागदावर मांडून बघा. एखादी ओळ कुठेच बसत नसेल तर कप्पे चुकलेत, पुढे जाऊ नका.

तिथीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे हटकून येतो. कवळ्याच्या श्री शांतादुर्गेची जत्रा माघ शुद्ध पंचमीला आणि मंगेशीची माघ पौर्णिमेला. तिथी ठरलेली असते, तारीख दरवर्षी सरकते. बाबा तिथीच लिहायचे, आणि दोन नोंदी एकमेकींवर येतात का हे डोक्यात ठेवायचे. डेटाबेसला तुलना करायला तारीखच लागते. म्हणून तारखेचा रकाना तारखेचाच ठेवा, आणि शेजारी तिथीसाठी साधा मजकुराचा रकाना द्या. तारीख भिंतीवरच्या पंचांगात बघून माणसानेच भरायची. तिथीवरून तारीख काढणारा कोड लिहायच्या मोहात पडू नका, मी आठवडा त्यात घालवला.

मांडामांड

पायथन लागतो, जँगो त्याच प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ३.१३ घ्या. विंडोजवर बसवताना पहिल्याच पडद्यावर तळाशी पाथमध्ये जोडण्याबद्दल एक चौकट असते, तिच्यावर खूण करा. ती राहिली की पुढची प्रत्येक आज्ञा "ओळखत नाही" म्हणून परत येते, आणि फोनवरून हे शोधून काढायला आम्हाला अर्धा तास लागला होता.

एक नवा फोल्डर करा, त्यात कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवरशेल नको. त्यात पुढची चालू करायची आज्ञा बऱ्याचदा परवानगीवरून अडते. आता:

पायथन, स्पेस, हायफन एम, स्पेस, व्ही-ई-एन-व्ही, स्पेस, ई-एन-व्ही

याने फोल्डरात ई-एन-व्ही नावाचं वेगळं घर तयार होतं. या कामासाठी जे काही बसवाल ते त्या घरातच राहतं, संगणकावरच्या दुसऱ्या कशाला धक्का लागत नाही. घरात शिरायला:

ई-एन-व्ही, उलटी तिरकी रेघ, स्क्रिप्ट्स, उलटी तिरकी रेघ, ॲक्टिव्हेट

लिनक्सवर किंवा मॅकवर हेच असं: सोर्स, स्पेस, ई-एन-व्ही, तिरकी रेघ, बिन, तिरकी रेघ, ॲक्टिव्हेट. ओळीच्या सुरुवातीला कंसात ई-एन-व्ही दिसलं की तुम्ही आत आहात. दुसऱ्या दिवशी संगणक चालू केलात की परत आत शिरावं लागतं. "काल चालत होतं, आज जँगो सापडत नाही" असं झालं तर नव्वद टक्के वेळा कारण हेच.

पिप, स्पेस, इन्स्टॉल, स्पेस, जँगो, लगेच टिल्ड, बरोबरचं चिन्ह, ५.२.०

टिल्ड म्हणजे एस्केपच्या खालची नागमोडी रेघ. आकडा मुद्दाम सांगितलाय. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते, पण २.२, ३.२, ४.२, ५.२ अशा ज्या आवृत्त्यांच्या शेवटी दोन असतो त्यांना दीर्घकाळ सांभाळतात. ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आली, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळणार आहेत. दुकानाला दर आठ महिन्यांनी नवा चौथरा नको असतो. टिल्डचा अर्थ असा की ५.२ च्या आतल्या दुरुस्त्या घ्या, पुढच्या आवृत्तीवर उडी मारू नका.

जँगो हायफन ॲडमिन, स्पेस, स्टार्टप्रोजेक्ट, स्पेस, दुकान, स्पेस, टिंब

शेवटचं टिंब विसरू नका. टिंब म्हणजे "इथेच मांड". ते नसेल तर दुकान नावाच्या फोल्डरात आणखी एक दुकान फोल्डर तयार होतो आणि नवखा माणूस पुढे प्रत्येक वेळी चुकीच्या फोल्डरात उभा असतो. मग:

पायथन, स्पेस, मॅनेज डॉट पी-वाय, स्पेस, स्टार्टॲप, स्पेस, पेटी

दुकान हा सगळा प्रकल्प, पेटी हे त्यातलं एक ॲप. दुकान फोल्डरातली सेटिंग्ज नावाची फाइल उघडून इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत अवतरणात पेटी लिहा, शेवटी स्वल्पविराम द्या. हे केलं नाही तर पेटी फोल्डर असूनही जँगो तिकडे बघतच नाही.

त्याच फाइलमध्ये खाली टाइम झोन आहे. तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलेलं असतं, ते बदलून आशिया तिरकी रेघ कोलकाता करा. दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं. आमच्याकडे याला फार महत्त्व आहे. नाटक संपतं पहाटे तीनला, पेटी दारात येते चारला. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे, जुनं सेटिंग ठेवलं तर पहाटे चारला केलेली नोंद आदल्या दिवशीची रात्री साडेदहाची दिसते. बाबांनी तसं एकदा बघितलं असतं तर त्यांचा या सगळ्यावरचा विश्वासच उडाला असता.

वहीचे रकाने

पेटी फोल्डरातल्या मॉडेल्स फाइलमध्ये चार क्लास लिहायचे, वहीतल्या प्रत्येक कप्प्याला एक. एक लिहून दाखवते, उच्चाराप्रमाणेच:

क्लास वस्तू(मॉडेल्स.मॉडेल):
    नाव = मॉडेल्स.कॅरफील्ड("नाव", मॅक्स_लेंग्थ=२००)
    नग = मॉडेल्स.पॉझिटिव्हइंटिजरफील्ड("एकूण नग")

क्लासचं नाव, टिंबानंतरचं मॉडेल आणि फील्डच्या प्रकाराचं नाव यांतली शब्दांची पहिली अक्षरं मोठी असतात. डावीकडचं नाव संगणकासाठी, अवतरणातलं माणसासाठी. अवतरणातलं खुशाल मराठीत, देवनागरीत लिहा, मामांना पडद्यावर तेच दिसणार आहे. पायथन तर डावीकडची नावंही देवनागरीत चालवून घेतो, आणि मी पहिल्यांदा हौसेने तसंच केलं होतं. पण तीच नावं पुढे डेटाबेसच्या तक्त्यात, पत्त्याच्या ओळीत आणि आज्ञांत येतात, आणि दर वेळी कीबोर्ड बदलत बसावं लागतं. म्हणून ती रोमन अक्षरांत ठेवा, पण शब्द मराठीच: वस्तू, मंडळ, प्रयोग, उचल. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी काय लिहिलंय ते कळतं.

लांबी दोनशे का? संगणक आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. "श्री" आपल्याला एक अक्षर, त्याच्या हिशेबी श, हलन्त, र, आणि दीर्घ ई असे चार. देवळाच्या पूर्ण नावाचं मंडळ असेल तर पन्नासची मर्यादा भुर्रकन संपते आणि फॉर्म नाव नाकारतो. जोडाक्षरांचा आणखी एक परिणाम यादीच्या क्रमात दिसतो: "क्षत्रिय वेष" आपण वर्णमालेच्या शेवटी शोधतो, डेटाबेस तो "क" च्या शब्दांच्या शेवटी, "ख" च्या आधी लावतो. मामांना एकदा सांगून ठेवलं, पुरलं.

प्रयोगात मंडळाकडे बोट दाखवायचं त्याला फॉरेनकी म्हणतात. बाकीच्या रकान्यांत पहिल्या जागी मराठी नाव चालतं. फॉरेनकीत मात्र पहिल्या जागी तो क्लास द्यावा लागतो, मराठी नाव व्हर्बोज_नेम असं सांगून. आणि ऑन_डिलीट हा प्रश्न तो विचारतोच: मंडळ पुसलं तर त्याच्या प्रयोगांचं काय करू? नमुन्यांत बऱ्याच ठिकाणी इथे कॅस्केड असतं, म्हणजे मंडळाबरोबर त्याचे सगळे प्रयोगही पुसून टाक. धंद्यात ते लावू नका. एखादं मंडळ बंद पडलं म्हणून कुणी ते पुसलं, तर त्याच्याकडे राहिलेल्या शेल्यांची नोंदही जाईल. तिथे मॉडेल्स.प्रोटेक्ट लिहा. प्रोटेक्ट आणि कॅस्केड या दोन्ही शब्दांची सगळी अक्षरं मोठी. मग प्रयोग शिल्लक असेपर्यंत जँगो मंडळ पुसू देतच नाही. वस्तूलाही तेच. फक्त उचल आणि प्रयोग यांच्यात कॅस्केड बरोबर आहे, कारण प्रयोगच रद्द झाला तर त्याच्या ओळी ठेवून उपयोग नाही.

प्रत्येक क्लासमध्ये एस-टी-आर नावाचं फंक्शन लिहा, नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर. त्याने स्वतःचं नाव परत द्यायचं. ते नसेल तर यादीत "वस्तू ऑब्जेक्ट, कंसात एक" असं काहीतरी दिसतं, आणि त्यातून जिरेटोप कुठला ते कुणालाच कळत नाही. क्लासच्या आत मेटा नावाचा छोटा क्लास करून व्हर्बोज_नेम_प्लुरल द्यायलाही विसरू नका. अनेकवचन सांगितलं नाही तर जँगो इंग्रजी पद्धतीने शब्दामागे एस लावतो.

आता दोन आज्ञा, याच क्रमाने:

पायथन, मॅनेज डॉट पी-वाय, मेकमायग्रेशन्स
पायथन, मॅनेज डॉट पी-वाय, मायग्रेट

पहिलीने काय बदलायचं त्याची चिठ्ठी लिहिली जाते, दुसरीने ती चिठ्ठी वाचून तक्ते बांधले जातात. मॉडेल्समध्ये रकाना वाढवला की दर वेळी दोन्ही. मायग्रेशन्स फोल्डरातल्या चिठ्ठ्या कचरा समजून पुसू नका, डेटाबेस कुठून कुठवर आलाय ते त्याला त्यांच्यावरूनच कळतं. डेटाबेस म्हणून जँगो सुरुवातीला एसक्यूलाइट वापरतो. वेगळं काही बसवावं लागत नाही, सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो. एका दुकानाला तो भरपूर आहे.

ॲडमिन

पायथन, मॅनेज डॉट पी-वाय, क्रिएटसुपरयूजर

नाव विचारेल, ईमेल रिकामं सोडलं तरी चालतं, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा.

पेटीतल्या ॲडमिन फाइलमध्ये चारही क्लास नोंदवा: ॲडमिन डॉट साइट डॉट रजिस्टर, कंसात क्लासचं नाव. मग पायथन, मॅनेज डॉट पी-वाय, रनसर्व्हर. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१, विसर्ग (म्हणजे इंग्रजी कोलन), ८०००, तिरकी रेघ, ॲडमिन, तिरकी रेघ असा पत्ता टाका. लॉगिन केल्यावर तुमचे चार कप्पे मराठीत दिसतील. प्रत्येकाच्या शेजारी नवीन नोंद करायची जागा, आत यादी, बदलायची सोय, आणि कुणी काय बदललं त्याचा इतिहासही. एवढ्यासाठी तुम्ही एक ओळही एचटीएमएल लिहिलेलं नाही. हे पान बाबांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते बराच वेळ नुसते मंडळांची यादी वर-खाली करत होते.

आता थोडी मशागत. नुसतं रजिस्टर पुरत नाही, कारण प्रयोग एका पानावर आणि त्याच्या तीस उचली दुसऱ्या पानावर, असं मामा कधीच भरणार नाहीत. उचलीसाठी टॅब्युलरइनलाइनचा क्लास करा आणि प्रयोगाच्या ॲडमिनमध्ये इनलाइन्समध्ये द्या. मग प्रयोगाच्या पानावरच खाली वहीसारख्या ओळी येतात: वस्तू, नग, परत. वस्तू निवडायची यादी आमच्याकडे चारशेच्या वर जाते, म्हणून ऑटोकम्प्लीट_फील्ड्समध्ये वस्तू लिहा. दोन अक्षरं टाइप केली की नाव पुढे येतं. त्यासाठी वस्तूच्या ॲडमिनमध्ये सर्च_फील्ड्स असणं सक्तीचं आहे, नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही. लिस्ट_डिस्प्लेत निघण्याची आणि परतीची तारीख घ्या, लिस्ट_फिल्टरमध्ये गाव.

मामांसाठी वेगळं खातं करा, त्यांना "स्टाफ" म्हणून खूण करा, आणि फक्त बघणं, भरणं, बदलणं एवढेच अधिकार द्या. पुसण्याचा अधिकार आमच्याकडे बाबांकडेच आहे, वहीचं पानही तेच फाडायचे.

दोनदा कबूल होऊ नये म्हणून

ज्यासाठी हे सगळं मांडलं ते आता. उचलीच्या क्लासमध्ये क्लीन नावाचं फंक्शन लिहायचं. फॉर्म साठवण्याआधी जँगो ते बोलावतो, आणि आतून व्हॅलिडेशनएरर फेकली तर नोंद साठवत नाही, आपला मजकूर लाल अक्षरांत दाखवतो.

दोन प्रयोग एकमेकांवर येतात कधी? पहिला परत येण्याच्या आत दुसरा निघतोय, आणि दुसरा परत येण्याच्या आत पहिला निघतोय, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तेव्हा. बाकी कितीही तऱ्हा कागदावर काढून बघा, एवढ्या दोन अटींत सगळ्या येतात. जँगोत ते असं: उचल डॉट ऑब्जेक्ट्स डॉट फिल्टर, कंसात तीच वस्तू, मग प्रयोग दोन अंडरस्कोर निघणं दोन अंडरस्कोर एल-टी-ई, बरोबर, या प्रयोगाची परतीची तारीख, आणि प्रयोग दोन अंडरस्कोर परत दोन अंडरस्कोर जी-टी-ई, बरोबर, या प्रयोगाची निघायची तारीख. दोन अंडरस्कोर म्हणजे "त्याच्या आतलं". उचलीतून प्रयोगात शिरून तारीख विचारायची ही जँगोची पद्धत. एल-टी-ई म्हणजे तेवढं किंवा आधी, जी-टी-ई म्हणजे तेवढं किंवा नंतर. पुढे एक्सक्लूड लावून स्वतःची ओळख वगळा, नाहीतर जुनी नोंद दुरुस्त करताना ती स्वतःशीच भांडते. उरलेल्या ओळींच्या नगांची बेरीज, अधिक आत्ताचे नग, वस्तूच्या एकूण नगांपेक्षा जास्त झाली की थांबवा. एकही ओळ सापडली नाही तर बेरीज शून्य येत नाही, नन येते, म्हणजे पायथनच्या भाषेत "काहीच नाही". म्हणून तिथे "किंवा शून्य" लिहा. आणि प्रयोगाची एखादी तारीख भरायची राहिली असेल तर तपासणी न करता बाहेर पडा, रिकाम्या तारखेची तक्रार जँगो वेगळी करतोच.

यात एक कडक बाजू आहे. आपला प्रयोग पाच दिवसांचा असेल आणि त्या पाच दिवसांत पहिल्या दिवशी एक मंडळ, शेवटच्या दिवशी दुसरं मंडळ तलवारी नेत असेल, तर वरची बेरीज दोघांच्याही तलवारी धरते, खरं तर त्या एकाच वेळी बाहेर नसतात. रोजचा वेगळा हिशेब करून हे सोडवता येतं. मी मुद्दाम सोडवलेलं नाही. ॲपने नाही म्हटलं आणि बाबांनी वही बघून हो म्हटलं, तर एक फोन जास्त होतो. ॲपने हो म्हटलं आणि पेटीत टोप नाही, हे परत नको.

एरर लिहिताना नुसतं "उपलब्ध नाही" लिहू नका. कुणाकडे आहे, कधी परत येतोय ते त्या वाक्यातच घाला. मामा ते वाचून लगेच त्या मंडळाला फोन लावतात, आणि बऱ्याचदा सामान एक दिवस आधी परत मिळतं. शेवटी एक दिवस इस्त्री आणि उन्हाचा धरा. घामाने भिजलेला अंगरखा सकाळी आला आणि संध्याकाळी दुसरीकडे गेला तर जरीकाम काळं पडतं. मी परतीच्या तारखेत एक दिवस मिळवूनच तुलना करते.

खरं वाटावं म्हणून मागच्या माघातल्या आठ-दहा नोंदी भरून बघा. मी पहिली भरली ती त्या चिकटलेल्या पानांची जोडी. डिचोलीच्या नोंदीवर लाल ओळ आली तेव्हा मी बाबांना हाक मारली.

दुकानातल्या फोनवर

मामा लॅपटॉपजवळ बसत नाहीत, ते पेटीजवळ असतात. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर असतील तर रनसर्व्हरच्या पुढे ०.०.०.०, विसर्ग, ८००० द्या. लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता सेटिंग्जमधल्या अलाउड_होस्ट्सच्या यादीत अवतरणात घाला, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये तोच पत्ता, विसर्ग, ८००० उघडा. विंडोजचं फायरवॉल परवानगी विचारेल, खाजगी नेटवर्कसाठी द्या. ॲडमिन फोनवर नीट बसतो.

हे घरातल्या वायफायपुरतंच. रनसर्व्हर शिकण्यासाठी आणि तपासण्यासाठी आहे, इंटरनेटवर उघडा ठेवण्यासाठी नाही, असं जँगोचे कर्ते स्वतः बजावून सांगतात. मंडळांना बाहेरून बघता यावं असं वाटलं तर होस्टिंग घ्यावं लागेल, आणि त्याआधी सेटिंग्जमधला डीबग फॉल्स करावा लागेल, सीक्रेट की फाइलमधून काढून बाहेर ठेवावी लागेल. पायथन, मॅनेज डॉट पी-वाय, चेक, हायफन हायफन डिप्लॉय ही आज्ञा राहिलेल्या त्रुटींची यादीच देते, ती शून्यावर आणा. आम्हाला अजून त्याची गरज पडली नाही. घाईने करू नका. एक पूर्ण हंगाम घरात चालवा, काय कमी आहे ते जत्रांच्या गर्दीतच कळतं. आमच्याकडे पहिल्या हंगामात "फाटलं, शिवायला दिलं" हा रकाना निघाला. वहीत तो कधीच नव्हता, कारण ते मामांच्या डोक्यात असायचं.

पानं जपणं

डीबी डॉट एसक्यूलाइट३ ही एक फाइल म्हणजे तुमची सगळी वही. रात्री सर्व्हर बंद करा, म्हणजे कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, आणि मगच तिची प्रत काढा. लिहिणं चालू असताना काढलेली प्रत अर्धवट निघू शकते. प्रतीच्या नावात तारीख घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरात त्या आपोआप क्रमाने लागतात. आमच्याकडे दोन पेन ड्राइव्ह आहेत, एक दिवसाआड बदलतात. एक दुकानात असतो, दुसरा माझ्या पर्समध्ये, कारण पावसात एकाच घरात दोन्ही ठेवून भागत नाही. महिन्यातून एकदा प्रत दुसऱ्या फोल्डरात टाकून सर्व्हर तिच्यावर चालवा आणि शेवटचा प्रयोग उघडून बघा.

बाबा अजून वही लिहितात. आता ती ते डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवतात, आणि शनिवारी संध्याकाळी दोघं मिळून वही आणि पडदा ताडून बघतो. मागच्या महिन्यात एक फरक निघाला: वहीत तलवारी आठ, पडद्यावर सात. मोजल्या तर सात होत्या.